आजोबा बोलतात तोवर

टीव्हीवर माझं नाव दीड सेकंद दिसायचं. भाग संपला की खालून वर पळणाऱ्या पाट्यांमध्ये 'भाषा सहाय्य' असं यायचं आणि त्याच्यापुढं मी. ते दीड सेकंद गाठायला आमच्या घरात तीन माणसं टीव्हीला नाक लावून बसायची. सासूबाईंनी तर एकदा पळत्या पाटीवर बोट ठेवून ती थांबवायचा प्रयत्न केला होता. "जरा हळू सोडा म्हणावं की त्येंना," असं त्या मला रोज सांगायच्या आणि मी रोज "सांगते" म्हणायचे.

मी नळदुर्गची. कॉलेजात मराठी शिकवते, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. दर पावसाळ्यात मुलाखत, दर उन्हाळ्यात निरोप, असं आठ वर्षं चाललेलं. मागच्या वर्षी मुलाखतीनंतर बोलावणंच आलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच घरी बसले आणि पंधरा दिवसांत सासूबाईंना आणि मला एकमेकींच्या सगळ्या खोडी तोंडपाठ झाल्या. तेवढ्यात गावात बातमी आली की मुंबईचं युनिट आलंय, तुळजापूर रस्त्याला एका बागायतदाराचा बंगला घेतलाय, मालिका होणार, आणि तीही रोजची! त्यांना 'इथली भाषा' येणारं माणूस पाहिजे होतं. ते कॉलेजात विचारायला गेले आणि ज्या प्राचार्यांनी मला तास दिले नव्हते त्यांनीच माझा नंबर दिला. त्यांना तेवढंच बरं वाटलं असावं. मी मात्र त्या दिवशी स्कूटी अशी पळवली की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

बंगला गुलाबी रंगाचा, दोन मजली, वर पाण्याच्या टाकीवर सिमेंटचा मोर. मालिकेत हे 'गरीब पण मानी शेतकऱ्याचं घर' होतं, म्हणून पुढून प्लायवूडची भिंत ठोकून तिला मातीचा रंग दिला होता. अंगणात थर्माकोलचं तुळशीवृंदावन. आमच्याकडं वारं सुटलं की ऐकत नाही, म्हणून युनिटमधला एक माणूस वृंदावनामागं उकिडवा बसून ते धरून ठेवायचा आणि नायिका वरून भक्तिभावानं पाणी घालायची. कॅमेऱ्यात तो दिसायचा नाही. संध्याकाळपर्यंत तो नखशिखांत भिजलेला असायचा.

पहिल्या दिवशी मला संवादांची पानं दिली. पहिल्याच पानावर नायिका सासऱ्याला म्हणत होती, "आवं, काय करून ऱ्हायले तुमी?" अर्धं वाक्य कोल्हापूरचं, अर्धं नागपूरचं, आमच्या जिल्ह्याला बाहेरूनच वळसा. मी पेन काढलं आणि खोडून लिहिलं, "काय करायलाव तुमी?" त्या पानावर सतरा ठिकाणी खोडलं. मला इतका आनंद झाला होता की पुढचं पान मी न मागताच ओढून घेतलं. आठ वर्षं मी वर्गात पोरांचं "लई" खोडून "खूप" करत आले होते, आणि इथं मला "खूप" खोडून "लई" करायचं काम मिळालं होतं!

आणि तिथंच काका भेटले. काका म्हणजे मालिकेतले आजोबा. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, रिटायर होऊन चार वर्षं झालेली. घर नळदुर्गातच, स्टँडच्या मागं. युनिट गावात चेहरे शोधत फिरत होतं तेव्हा काका चहाच्या टपरीवर कुणाला तरी झापत होते. दिग्दर्शकानं तिथंच ठरवलं, हेच आजोबा. काकांना कॅमेरा बिमेरा काही वाटलंच नाही. भरल्या गाडीत पन्नास माणसांना मागं सरकवणाऱ्याला समोरच्या दहा माणसांची काय फिकीर? पहिल्याच सीनमध्ये घरात भांडण लागलं होतं, काकांनी मधे पडून "आरं सरका, मागं सरका, मागं लई जागा हाय," म्हणून दोन्ही पोरांना भिंतीला लावलं. हे कागदावर नव्हतं. दिग्दर्शक खुर्चीतून उठून नाचला.

पहिला महिना असा गेला. मग मला गुरुवार कळला.

मालिका किती लोकांनी पाहिली याचे आकडे गुरुवारी येतात. तोवर मला गुरुवार म्हणजे दत्ताचा वार एवढंच माहीत. सेटवर त्या दिवशी निम्म्या लोकांचे उपास असायचे. मेकअप करणारे दादा ब्रश धुऊन देवासमोर ठेवायचे. आकडे वर गेले की चहात आलं पडायचं, खाली गेले की दिग्दर्शक कोपऱ्यात फोनवर "हो सर, हो सर" करत उभा राहायचा. आणि कार्यकारी निर्मात्या बाई, म्हणजे ज्यांच्या हातात सगळ्यांचं असणं-नसणं होतं त्या, सेटवरून एक फेरी मारायच्या. बाई बोलायला मधाळ. पण ज्याला काढायचं असेल त्याच्यापाशी थांबून त्या प्रेमानं विचारायच्या, "जेवलात का?" एवढं विचारलं की समजायचं. पहिल्या लेखकाला विचारलं, तो गेला. दुसऱ्याला विचारलं, तो गेला. कॅमेऱ्यावरच्या एका माणसाला त्यांनी एकदा नुसतंच सहज विचारलं होतं, तर त्यानं त्या दिवशी सोलापूरच्या गाडीत सामान टाकलं, माघारी बोलवायला माणूस पाठवावा लागला.

दुसऱ्या महिन्यात चॅनलवरून निरोप आला की शहरातल्या प्रेक्षकांना भाषा कळत नाही. लगेच एक सीन घातला. त्यात कळलं की नायिका लहानपणी पुण्याला मामाकडं शिकायला होती. त्या दिवसापासून ती शुद्ध बोलायला लागली. पुढच्या आठवड्यात तिचा नवरा तिच्या सहवासानं सुधारला. मोठ्या जाऊबाई, म्हणजे खलनायिका, त्यांना तर कारणही दिलं नाही. सकाळी उठल्या त्या एकदम पुण्याच्या सदाशिव पेठेत उठल्यासारख्या. गोठ्यातल्या म्हशीला संवाद नव्हते म्हणून ती तेवढी वाचली.

राहिले एकटे आजोबा. काकांनाही शुद्ध बोलायला लावून पाहिलं. पण काकांना येणारी शुद्ध मराठी एकच होती, स्टँडवरच्या घोषणेची. नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला, तो असा खणखणीत, की गाडी फलाटावर लागली असं वाटून अंगणातला लाइटवाला दचकला. दिग्दर्शकानं हात टेकले. "आजोबा आहेत तसेच बोलू देत," म्हणाला.

म्हणजे हिशेब सोपा होता. पूर्वी मी नऊ जणांची भाषा बघायचे, आता एका माणसाची. आजोबा बोलतात तोवर माझी नोकरी.

अशात एका बुधवारी आमच्या गल्लीतला फ्रेमवाला मला दारात भेटला. फोटोला काचा बसवून देतो तो. म्हणाला, "मॅडम, तुमच्या शूटिंगवाल्यांनी मोठी फ्रेम सांगितली बगा. दीड बाय दोन फुटाची. वर चंदनाचा हार बी पायजे म्हणले."

"फोटो कुणाचा?"

"फोटो मागनं देतो म्हणले. आदी फ्रेम करून ठिवा."

दुसरीकडं नोकरी गेल्याचं पत्र येतं. मालिकेत भिंतीवरच्या फोटोला हार येतो. पात्र मेलं की नटाचं काम संपलं, आणि बऱ्याचदा नटाला ते फ्रेम पाहूनच कळतं. म्हणजे कुणीतरी मरणार होतं. कोण, ते कळत नव्हतं.

इथं माझी चूक झाली ती कबूल करते. मी हे मेकअपच्या दादांना सांगितलं आणि वर म्हणाले, "कुणाला बोलू नका." ज्यांच्या हाताखाली रोज सकाळी प्रत्येक नट डोळे मिटून अर्धा तास बसतो त्यांना! अकराच्या चहापर्यंत सगळ्या सेटला ठाऊक होतं. नायिकेनं भाकरी थापायचा सीन इतका जीव ओतून केला की भाकरी खरंच फुगली. जाऊबाई कॅमेरा बंद झाला तरी सगळ्यांशी गोड बोलायला लागल्या, तेही लोकांना भीतीदायक वाटलं.

दुपारी फ्रेम आलीच. रिकामी. उजेड कसा पडतो ते पाहायला दिग्दर्शकानं ती माजघराच्या भिंतीवर टांगली, वर हार घातला, आणि फोटो आलेला नसल्यामुळं ती तशीच राहिली. काचेत समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसायचं. त्यामुळं कुणी समोर उभं राहीना! दिग्दर्शक सांगायचा, सरळ दारातून आत या, पाणी प्या. नट भिंतीला चिकटून वळसा घालून पाण्यापर्यंत जायचे. नायिकेच्या नवऱ्यानं तर खिडकीतून प्रवेश करायची परवानगी मागितली. म्हणाला, त्याच्या पात्राच्या स्वभावाला ते शोभतं.

आणि नेमका त्याच दिवशी सोलापूरहून फोटोग्राफर आला. दिवाळीच्या जाहिरातीसाठी प्रत्येकाचा एकेक फोटो पाहिजे होता त्याला. कुणी समोर बघून फोटो देईना. हार घालायचा फोटो सरळ लागतो, हसरा पण फार हसरा नाही, हे सगळ्यांना पाठ. एकानं जीभ बाहेर काढली. नायिका पाठमोरी उभी राहून म्हणाली, हीच माझी चांगली बाजू. जाऊबाईंनी ऐन क्षणी शिंक आणली. फोटोग्राफर बिचारा घामाघूम झाला आणि तेवढ्यात काका फेटा नीट करत आले, खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यावर, नजर समोर, चेहऱ्यावर हार घालण्याजोगं हसू. म्हणाले, "काढा. निवांत काढा."

मी मधे धावले. "काका, डोळे मिटा! तोंड वाकडं करा!"

"कशापायी?"

मी त्यांना बाजूला घेऊन फ्रेमची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग मान डोलवली. "आसं हाय व्हय! म्हंजे मेल्यावर बी ह्यो फोटो घरला नेता येतोय का?"

"काका, काम जाईल तुमचं!"

"येष्टीतनं रिटायर झालो तवा नारळ देऊन पाठवलं. हितं हार. हार बरा की, मॅडम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तेवढं आमच्या हिला कळू देऊ नगा. जित्या माणसाच्या फोटूला हार बगितला तर ती दोगांलाबी सोडायची न्हाय, मला बी आन तुमाला बी."

काकूंना मी ओळखत होते. त्या रोज काकांना डबा घेऊन रिक्षानं यायच्या आणि मालिकेतल्या आजीबाईंकडं कधी मान वर करून बघायच्या नाहीत. काकांच्या शेजारी दुसरी बाई नटून बसते हे त्यांना पसंत नव्हतं.

काकांना काळजी नव्हती. मला होती, आणि ती काकांची कमी, माझी जास्त होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. मी तडक लेखकाकडं गेले. हा तिसरा लेखक. मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा, सकाळी लिहायचा ते दुपारी शूट व्हायचं. मी विचारलं, कोण मरणार?

"मला कुठं माहीत?" तो रडवेला झाला. "चॅनलकडून नाव आलेलं नाही. एक मृत्यू पाहिजे एवढंच सांगितलंय. मी सीन लिहून ठेवलाय, नावाची जागा रिकामी सोडलीय."

त्यानं मला वाचायला दिला. खरंच, नावाच्या जागी नुसत्या रेघा. 'तुम्ही आम्हाला सोडून का गेलात' हे वाक्य असं बसवलं होतं की सासरा, सून, जाऊ, कुणालाही चाललं असतं. वेळ पडली असती तर म्हशीलाही चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आकडे आणखी खाली. दुपारी बाईंनी सगळ्यांना अंगणात जमवलं. वृंदावनामागचा माणूससुद्धा उठून आला, वृंदावन आडवं पडलं, कुणी उचललं नाही. बाई म्हणाल्या, चॅनलनं प्रेक्षकांना विचारून घेतलंय. प्रेक्षकांचं सगळ्यात आवडतं माणूस कोण, तर आजोबा. माझा जीव भांड्यात पडला. मी टाळ्याच वाजवल्या, एकटीनंच. मग बाई पुढं म्हणाल्या, "पण ते काय बोलतात हे निम्म्या लोकांना कळत नाही. म्हणून असं ठरलंय की आजोबांना झटका येईल. वाचा जाईल. चेहरा राहील. खुर्चीत बसून असतील, डोळ्यांनी बोलतील. प्रेक्षक रडतील."

सगळ्यांनी श्वास सोडला. कुणी मरणार नव्हतं! नायिका मला मिठी मारून हसायला लागली. आणि बाई हळूहळू चालत माझ्यापाशी आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जेवलात का?"

मला राग आला. बाईंचा आला, चॅनलचा आला आणि खरं सांगायचं तर काकांचाही आला. त्यांची खुर्ची राहिली, माझीच गेली, असं मनात आलं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की जमलं तर उद्यापासून सकाळचा स्वयंपाक मी बघते. त्या एवढ्या घाबरल्या की त्यांनी मला ताप बघायला लावला.

शेवटचा आठवडा भरायचा म्हणून मी सेटवर जात राहिले. काकांच्या मुकेपणाची पहिली दुपार मी पाहिली. तोंड एका बाजूला ओढून, मांडीवर शाल, खुर्चीत बसवलेले. समोर जाऊबाई कट रचतात, आजोबांना सगळं कळतं, बोलता येत नाही. दिग्दर्शक म्हणाला, "व्वा! काय डोळे आहेत!" काकांनी तो सीन केला. दुसरा केला. तिसऱ्या वेळी जाऊबाई औषधाची बाटली बदलत असताना काकांच्या तोंडून निघालंच, "आगं ती न्हवं, लाल झाकणाची!" सगळे हसले. काका हसले नाहीत. डबा घेऊन आलेल्या काकूंनी लांबून ते वाकडं तोंड पाहिलं आणि डबा तिथंच ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका मेकअपला बसले नाहीत. थेट बाईंच्या खोलीत गेले आणि जाताना मला हाताला धरून सोबत नेलं. म्हणाले, "बाई, मला मारा."

बाईंना वाटलं थट्टा आहे. "आजोबा, तुम्ही तर आमचे लाडके."

"लाडका हाय म्हणूनशान मुका केलाव व्हय? म्या बत्तीस वरसं बोलून गाडी भरली. घरात बोलतो, स्टँडावर बोलतो, झोपंत बी बोलतो म्हणं. गप बसायचं तर घरीच बसतो की, घरची खुर्ची चांगली हाय." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "फोटू माजाच लावा त्या काचंत. पर मरायच्या आदी मला पोटभर बोलू द्या. आन ते बोलणं ह्या मॅडमनी लिवायचं. सगळं."

बाईंनी चॅनलला फोन लावला. लाडक्या माणसाचा मृत्यू! याच्याइतका मोठा धक्का कुठला? पाच मिनिटांत होकार आला. झटक्याचे सीन अजून टीव्हीवर गेले नव्हते, ते रद्द झाले. काकांचं मरण एवढ्या पटकन मंजूर झालं की काका जरासे हिरमुसले. "एकदा न्हाय म्हणायचं हुतं की," मला म्हणाले.

मी मात्र हवेत होते. आजवर मी फक्त खोडत आले होते, वर्गात आणि सेटवर. कुणी मला 'सगळं लिहा' म्हटलेलं नव्हतं. बंगल्यामागं शेडखाली खत भरलेली पोती होती, त्यावर बसून मी लिहायला घेतलं. आधी मोठं मोठं सुचलं, माती, घराणं, संस्कार असलं. ते खोडलं. मग आमच्याकडची म्हातारी माणसं खरंच जाताना काय बोलतात ते आठवलं. ती कामं सांगतात. मग मला थांबताच येईना.

शूटच्या दिवशी काका खाटेवर पडले आणि बोलायला लागले. म्हशीला दुपारचं पाणी दावा, तिला चार वाजल्यावर दम निघत न्हाय. शेजाऱ्याची पाटी आणलीया ती परत करा, मागं दोनदा मागून गेलाय. वरच्या पत्र्यावर दगड ठिवा, वारं सुटायच्या आत. मोठ्या सुनंला बोलू नगा कुणी, ती तोंडानं वाईट हाय, पर सकाळी चूल तीच पेटवती. माझा टावेल कुणीबी वापरा, त्यात काय हाय. मग थोडा श्वास घेऊन: "आता म्या जायलो. तुमी उगं ताटकळत बसू नगा. जेवून घ्या."

कट म्हणायला दिग्दर्शक विसरला. जाऊबाई खाटेचा पाय धरून खऱ्याखुऱ्या रडत होत्या, डोळ्यांत ग्लिसरीन न घालता. वृंदावनवाला आत येऊन उभा होता. सेटवर पद्धत आहे, मेलेल्याचा सीन झाला की त्या माणसाला उठवून हसवायचं आणि तोंडात पेढा घालायचा. काकांना हसवायला कुणी पुढं होईना. शेवटी काकाच उठून बसले, "आरं, पेढा कुठाय?" म्हणाले, आणि सगळ्या घरात एकदम हसू फुटलं. मी तर इतकी हसले की मला धाप लागली. नोकरी संपली होती आणि मी हसत होते!

निघताना बाईंनी मला बोलावलं. या वेळी जेवणाचं विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. म्हणाल्या, सीन फार छान झालाय, चॅनलही खूश आहे, पण लोकांना कळायला हवं. म्हणून आजोबा बोलत असताना खाली पडद्यावर शुद्ध मराठीत ओळी द्यायच्या. "तुम्हीच करून पाठवा ना. तुमचं शेवटचं काम. तुम्ही तर मराठीच्या शिक्षिका आहात."

रस्ताभर माझं डोकं सणकत होतं. शेवटचं काम म्हणून मला माझंच सगळं परत खोडायला सांगितलं होतं. घरी येऊन मी बसले. 'आता मी निघतो,' असं लिहिलं. बघितलं. खोडलं. मग मी काकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढलं, 'लई' तिथं 'लई', 'न्हाय' तिथं 'न्हाय', एकही अक्षर न बदलता. वर लिहिलं, 'शुद्ध मराठी, अंतिम', आणि पाठवून दिलं. मुंबईत कुणीतरी ते एकदा वाचेल आणि मला फोन येईल, याची मी दोन दिवस वाट बघितली. फोन आला नाही. कुणी वाचलंच नव्हतं.

भाग संध्याकाळी सातला होता. आम्ही काकांच्या घरी बसलो. मी, सासूबाई, गल्लीतली माणसं, दारात चपलांचा ढीग. काकूंनी आधीच बजावलं होतं की बोलणं संपेपर्यंत बसेन, हाराचा फोटो आला की उठून जाईन. त्या टीव्हीच्या अगदी पुढं बसल्या होत्या, काका मागं भिंतीला टेकून.

सीन सुरू झाला. पडद्यावरचे काका बोलले आणि खाली पांढऱ्या अक्षरांत तेच उमटलं. म्हशीला दुपारचं पाणी दावा. गल्लीतला एक जण ओरडला, "आरं, खाली बी तेच हाय!" मग सगळे हसायला लागले, एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले, आणि मी डोकं खाली घालून खदखदत होते. माझा फोन थरथरायला लागला. त्यावर बाईंचं नाव.

तेवढ्यात काकूंनी हात वर केला. "गप बसा रं जरा."

काकू पुढं सरकल्या. काका माझ्या कानाशी म्हणाले, "हिनं लिवायवाचायला शिकायच्या रात्रीच्या वर्गाला चार दिवस जाऊन सोडलं, मॅडम. म्हणायची, पुस्तकातलं बोलणं आपलं न्हाय, ते वाचून काय करू."

काकूंचं बोट टीव्हीच्या काचेवर एकेका अक्षराखालून सरकत होतं. ओळ बदलायची, त्यांचं निम्मं राहायचं, त्या पुढची धरायच्या. पत्र्यावर... दगड... ठिवा. मग मागं न बघता म्हणाल्या, "आवो, हे तर आपलंच हाय की. हे मला येतंय."

फोन माझ्या हातात वाजत राहिला. मी तो उचलला नाही. काकू अजून वाचत होत्या.